उसू आधी सांगतो. बाकीच्या ज्वालामुखींचे काय?

जपानच्या होक्काइदो बेटावरील उसू या ज्वालामुखीच्या परिसरात २७ मार्च २००० रोजी जमिनीखाली बारीक हादरे सुरू झाले. दुसऱ्या दिवशी त्यांची संख्या वाढली आणि ते माणसांनाही जाणवू लागले. २९ मार्चला जपानच्या हवामान खात्याने येत्या काही दिवसांत उद्रेक होण्याची शक्यता असल्याचे स्पष्ट शब्दांत जाहीर केले. तोया सरोवराच्या काठची वस्ती, गरम पाण्याच्या झऱ्यांवर चालणारी हॉटेले आणि आजूबाजूची गावे मिळून दहा हजारांहून अधिक माणसांना बाहेर काढण्यात आले. ३१ मार्चला दुपारी एक वाजून सात मिनिटांनी डोंगराच्या पश्चिम पायथ्याशी, महामार्गाच्या लगत, जमीन फुटली आणि राखेचा लोट वर उठला. पुढच्या काळात रस्ते उचलले गेले, इमारती कलल्या, चिखलाच्या लोंढ्याने पूल वाहून गेला. जीवितहानी मात्र झाली नाही.

भूकंपांवरून ज्वालामुखीच्या उद्रेकाचा अंदाज बांधण्याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण आहे. म्हणूनच या उदाहरणाकडे थोडे संशयाने पाहावे, असे मला वाटते. उसूची गोष्ट वाचली की असा समज होतो, की डोंगराभोवती पुरेशी भूकंपमापक यंत्रे बसवावीत, हादरे मोजावेत, आकडा वाढला की गाव रिकामे करावे, आणि काम झाले. गेल्या काही वर्षांत या विषयावर जे काही वाचले, त्यातून माझे मत जवळजवळ उलट झाले आहे. रोज किती हादरे बसले हा आकडा बातम्यांत सर्वांत आधी येतो, पण अंदाजासाठी तो सर्वांत कमी उपयोगाचा ठरतो. हादरा कोणत्या जातीचा आहे, तो कुठे होतो आहे, ती जागा सरकते आहे का आणि या विशिष्ट डोंगराने मागच्या वेळी काय केले होते, हे प्रश्न अधिक कामाचे आहेत.

उसूच्या बाबतीत शेवटच्या प्रश्नाचे उत्तर तयार होते. १६६३ पासूनच्या त्याच्या उद्रेकांच्या नोंदी आहेत, आणि उद्रेकाआधी माणसांना जाणवतील इतके हादरे बसतात हा त्याचा जुना स्वभाव आहे. १९१० मध्ये असेच हादरे सुरू झाले तेव्हा मुरोरानच्या पोलीस प्रमुखाने सुमारे पंधरा हजार लोकांना हलवण्याचा हुकूम काढला. भूकंपशास्त्रज्ञ फुसाकिची ओमोरी यांचे व्याख्यान त्याने पूर्वी ऐकलेले होते, आणि ज्या काळात असा हुकूम काढण्यासाठी कोणतीही नियमावली नव्हती त्या काळात त्याने ते ज्ञान वापरले. उद्रेक काही दिवसांतच झाला. ओमोरी स्वतः यंत्र घेऊन तिथे पोहोचले आणि उद्रेकादरम्यान जमिनीला सुटणारा सलग कंप त्यांनी नोंदवला. ज्वालामुखींच्या भूकंपशास्त्राची सुरुवात अनेक अभ्यासक तिथूनच मानतात.

पण याच उसूने वेळेच्या बाबतीत किती फरक केला आहे ते पाहा. १९७७ साली पहिले हादरे आणि उद्रेक यांच्यात सुमारे बत्तीस तासांचे अंतर होते. त्याआधीच्या वेळी हादरे डिसेंबर १९४३ च्या अखेरीस सुरू झाले आणि उद्रेक झाला तो २३ जून १९४४ रोजी, म्हणजे जवळजवळ सहा महिन्यांनी. मधल्या काळात गव्हाच्या शेतांची जमीन फुगत गेली आणि अखेर तिथे एक नवा डोंगर उभा राहिला, त्याला शोवा-शिनझान म्हणतात. युद्धाचे दिवस असल्यामुळे सरकारने बातमी दाबून ठेवली होती आणि शास्त्रज्ञांना तिथे सवडीने काम करणे शक्य नव्हते. गावचे पोस्टमास्तर मासाओ मिमात्सु यांनी पोस्टाच्या मागे दोन खांबांमध्ये आडव्या दोऱ्या ताणल्या, हनुवटी टेकवण्याची जागा पक्की केली आणि प्रत्येक वेळी त्याच जागेवरून, त्याच दोऱ्यांच्या आधारे, डोंगराची बाह्यरेषा कागदावर उतरवली. त्या रेषा एकावर एक ठेवून तयार झालेला आलेख १९४८ मध्ये ऑस्लो येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत मांडला गेला आणि आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. मिमात्सु यांनी पुढे ती जमीनच विकत घेतली. संशोधनासाठी डोंगर विकत घेणारा पोस्टमास्तर हा प्रकार मला या संपूर्ण शास्त्राच्या इतिहासात सर्वाधिक आवडतो, पण ते असो.

मुद्दा असा की, जो ज्वालामुखी न चुकता आधी सांगतो, तोसुद्धा फक्त ‘येतो आहे’ एवढेच सांगतो. दीड दिवसात की सहा महिन्यांत, हे त्याच्या हादऱ्यांच्या आकड्यांतून कळत नाही. दीड दिवसासाठी गाव रिकामे करणे आणि सहा महिन्यांसाठी करणे यांत प्रशासनाच्या आणि माणसांच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

उद्रेकाआधी भूकंप का होतात, ते थोडक्यात सांगतो. शिलारस वर सरकताना आजूबाजूच्या खडकावर दाब येतो, जुन्या भेगा सरकतात, नव्या पडतात आणि खडक फुटतो. असा धक्का यंत्रावर टोकदार दिसतो. त्याची सुरुवात स्पष्ट असते, आधी येणाऱ्या आणि मागून येणाऱ्या लहरी वेगळ्या ओळखता येतात, आणि सामान्य भूकंपात व त्याच्यात दिसायला फारसा फरक नसतो. यातले बहुतेक धक्के इतके लहान असतात की डोंगरावर राहणाऱ्यालाही ते कळत नाहीत. दुसऱ्या जातीचे धक्के वेगळे असतात. त्यांची सुरुवात अस्पष्ट असते, कंपने मंद असतात, सेकंदाला अर्धे ते पाच या दरम्यान, आणि ती एकाच लयीत बराच वेळ घुमत राहतात. यांना दीर्घ आवर्तनाचे भूकंप म्हणतात. खडक फुटल्यामुळे ते उमटत नाहीत. भेगेत अडकलेला वायू, वाफ किंवा शिलारस हलल्यामुळे उमटतात. नळाला पाणी येण्याआधी पाइपातली हवा जशी पाइपाला थरथरवते, तसेच हे काहीसे आहे. असे धक्के एकमेकांत मिसळून सलग चालू राहिले की त्याला कंप म्हणतात, तोच ओमोरी यांनी उसूवर नोंदवला होता.

या दुसऱ्या जातीच्या धक्क्यांना अंदाजाच्या केंद्रस्थानी आणले ते बर्नार्ड शुए यांनी. ते मूळचे स्वित्झर्लंडचे, विद्युत अभियांत्रिकीतून या विषयात आलेले आणि अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेत काम करणारे. अलास्कातील रिडाउट ज्वालामुखीचा १४ डिसेंबर १९८९ चा उद्रेक होण्याआधी सुमारे तेवीस तास दीर्घ आवर्तनाच्या धक्क्यांचा ओघ सुरू होता. शुए यांचे म्हणणे असे की हे धक्के बंदिस्त जागेत वाढणाऱ्या दाबाची खूण आहेत, आणि म्हणून उद्रेक जवळ आला आहे हे तेच सर्वांत थेट सांगतात. १९९६ मध्ये त्यांनी हा विचार ‘नेचर’ या नियतकालिकात सविस्तर मांडला. रिडाउटच्याच राखेच्या ढगात १५ डिसेंबर १९८९ रोजी केएलएम कंपनीचे बोईंग ७४७ विमान शिरले आणि त्याची चारही इंजिने बंद पडली. चार किलोमीटरहून अधिक खाली आल्यावर ती पुन्हा सुरू झाली आणि विमान अँकरेजला सुखरूप उतरले. तेव्हापासून, माणसे राहत नाहीत अशा ज्वालामुखीवरही भूकंपमापक का हवा, हे विमान कंपन्यांना वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

दीर्घ आवर्तनाच्या धक्क्यांची एक दुर्मीळ उपजात कोलंबियात ओळखली गेली. आलेखावर तिचा आकार स्क्रूसारखा दिसतो, सुरुवातीला रुंद आणि मग हळूहळू निमुळता होत जाणारा, म्हणून तिथल्या स्पॅनिश भाषेत तिला तोर्नियो म्हणतात. गालेरास ज्वालामुखीच्या जुलै १९९२ च्या स्फोटाआधी असे धक्के नोंदले गेले होते. जानेवारी १९९३ मध्ये गालेरासच्या पायथ्याच्या पास्तो शहरात ज्वालामुखीतज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली असताना ते पुन्हा उमटू लागले, पण संख्येने थोडे होते. एकूण हादऱ्यांची पातळी कमी होती, डोंगर शांत दिसत होता. १४ जानेवारीला परिषदेतले काही जण मोजमापांसाठी विवरात उतरले आणि त्याच दुपारी स्फोट झाला. सहा शास्त्रज्ञ आणि तीन पर्यटक मृत्युमुखी पडले. तोर्नियोंकडे पुरेसे लक्ष दिले गेले होते का, यावर पुढे पुष्कळ कटु वाद झाले. त्या वादात शिरण्याची माझी पात्रता नाही. परंतु हादऱ्यांची एकूण संख्या कमी असणे म्हणजे सुरक्षित असणे नव्हे, हे गालेरासइतके स्पष्टपणे दुसरीकडे कुठे दिसत नाही.

आता पिनातुबोकडे वळतो, कारण या सर्व गोष्टी एकत्र कशा वापरायच्या हे तिथे दिसले. फिलिपिन्समधील लुझोन बेटावर १६ जुलै १९९० रोजी सुमारे ७.८ तीव्रतेचा मोठा भूकंप झाला. पिनातुबो तिथून सुमारे शंभर किलोमीटरवर होता आणि सुमारे पाचशे वर्षे निद्रिस्त होता. त्या भूकंपाने ज्वालामुखी जागा झाला का, यावर तज्ज्ञांत अजून एकमत नाही. मार्च १९९१ च्या मध्यात डोंगराच्या उतारावरील लोकांना लहान धक्के जाणवू लागले, आणि २ एप्रिलला वाफेचे स्फोट होऊन सुमारे दीड किलोमीटर लांबीची भेग उघडली. उतारांवर राहणाऱ्या आयटा आदिवासींमध्ये काम करणाऱ्या एका ननने काही गावकऱ्यांसह जाऊन सरकारी ज्वालामुखी संस्थेला ही खबर दिली. रायमुंदो पुनोंगबायान हे त्या वेळी संस्थेचे संचालक होते. संस्थेने घाईने यंत्र बसवले, तर पहिल्या चोवीस तासांतच दोनशेहून अधिक लहान हादरे नोंदले गेले.

एप्रिलच्या अखेरीस अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण संस्थेचे छोटे पथक तिथे आले. हे पथक तयार होण्यामागे कोलंबियातली आणखी एक शोकांतिका होती: नेवादो देल रुईझच्या १३ नोव्हेंबर १९८५ च्या उद्रेकाने वितळलेल्या बर्फाचा चिखल आर्मेरो शहरावर आला आणि सुमारे तेवीस हजार माणसे गेली. धोक्याचा नकाशा तयार होता, इशारा मात्र वेळेत लोकांपर्यंत पोहोचला नाही. पिनातुबोच्या पूर्वेला, शिखरापासून सुमारे पंचवीस किलोमीटरवर, क्लार्क हा अमेरिकेचा प्रचंड हवाई तळ होता. पथकाने तिथेच तात्पुरती वेधशाळा थाटली आणि डोंगराभोवती सात यंत्रे बसवून त्यांचे संदेश रेडिओने तळावर आणले.

यानंतरचे चार-पाच आठवडे मला फार शिकवणारे वाटतात. मे महिनाभर हादरे रोज होत राहिले, रोज साधारण चाळीसपासून दोनशेपर्यंत, आणि हा आकडा वर-खाली होत राहिला तरी चढत गेला नाही. नुसत्या आकड्यावर नजर ठेवणाऱ्याला महिन्याअखेरीस काही नवे सांगता आले नसते. शिवाय बहुतेक हादरे शिखरापासून वायव्येला सुमारे पाच किलोमीटरवर एकाच घोळक्यात होत होते, ते थेट तोंडाखाली नव्हते. बदल दिसला तो १ जूनच्या सुमारास, जेव्हा हादऱ्यांचा दुसरा घोळका वाफ सुटणाऱ्या भेगेच्या अगदी जवळ, शिखरालगत आणि उथळ खोलीवर उमटू लागला. त्याच्या आगेमागेच दुसरा संकेत मिळाला होता. सल्फर डायऑक्साइडचे प्रमाण १३ मे रोजी दिवसाला सुमारे पाचशे टन होते, ते २८ मेपर्यंत पाच हजार टनांच्या वर गेले आणि मग एकाएकी खूप खाली आले. वायू कमी झाला ही चांगली बातमी मानता आली असती. परंतु हादरे शिखराकडे सरकत असताना वायू थांबणे म्हणजे बाहेर पडण्याचा मार्ग बुजून आत दाब वाढतो आहे, असा अर्थ पथकाने लावला. दोन्ही मोजमापे एकत्र वाचली म्हणून हा अर्थ निघाला. एकेकटे वाचले असते तर कदाचित निघाला नसता.

तिसरी गोष्ट नंतर उलगडली. मेच्या अखेरीपासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत डोंगराखाली सुमारे तीस-पस्तीस किलोमीटर खोलीवर दीर्घ आवर्तनाचे काही धक्के झाले होते. खोलवरून नवा, अधिक तप्त शिलारस वरच्या साठ्यात शिरत होता, त्याचे ते पडसाद होते. ज्या काळात सगळ्यांचे लक्ष शिखराखालच्या चार-पाच किलोमीटरकडे होते, त्या काळात मुख्य हालचाल तिच्या कितीतरी खाली चालली होती.

पथकाने आणि फिलिपिन्सच्या संस्थेने धोक्याची पाच टप्प्यांची पद्धत ठरवली होती. ५ जूनला तिसरा टप्पा जाहीर झाला, त्याचा अर्थ दोन आठवड्यांत मोठा उद्रेक शक्य. ७ जूनला चौथा, म्हणजे चोवीस तासांत शक्य. त्याच सुमारास विवरात लाव्हाचा घुमट दिसू लागला. ९ जूनला पाचवा टप्पा, म्हणजे उद्रेक सुरू. १० जूनला क्लार्क तळावरून सुमारे साडेचौदा हजार माणसे मोटारींच्या रांगेत सुबिक या अमेरिकी नौदल तळाकडे निघाली. १२ जूनच्या सकाळी पहिला मोठा स्फोट झाला आणि १५ जूनला, नेमके युनिया वादळ डोक्यावर असताना, मुख्य उद्रेक झाला. त्याचा लोट सुमारे पस्तीस किलोमीटर उंच गेला आणि डोंगराभोवतीची यंत्रे एकामागोमाग एक बंद पडली. उद्रेकात साडेतीनशेच्या आसपास माणसे गेली, त्यातली बहुतेक पावसाने भिजून जड झालेल्या राखेखाली घरांची छपरे कोसळल्यामुळे. किमान पाच हजार जीव वाचले, असा अंदाज पुढे मांडला गेला. मात्र निर्वासितांच्या छावण्यांत नंतर गोवराने आणि इतर आजारांनी जे शेकडो मृत्यू झाले, त्यात आयटांची मुले मोठ्या संख्येने होती. पिनातुबोच्या यशाची गोष्ट सांगताना हा भाग सहसा गाळला जातो, आणि तो गाळणे मला योग्य वाटत नाही.

पिनातुबोवर पथकाचा अंदाज खरा ठरला, याचे श्रेय जितके यंत्रांना तितकेच जुन्या राखेलाही आहे. पथकातल्या भूशास्त्रज्ञांनी जुन्या उद्रेकांचे थर तपासले तेव्हा त्यांना कळले, की हा डोंगर क्वचित जागा होतो, पण जागा झाला की लहानसहान काही करत नाही. तेवढी माहिती नसती, तर जूनच्या पहिल्या आठवड्यात इतका टोकाचा इशारा देण्याचे धाडस कोणी केले असते का, याची मला शंका आहे.

धाडस म्हणण्याचे कारण ग्वादलूप. कॅरिबियन समुद्रातील या फ्रेंच बेटावर ला सुफ्रिएर ज्वालामुखीखाली १९७५ पासून हादरे वाढले आणि जुलै १९७६ पासून वाफेचे स्फोट सुरू झाले. शेजारच्या मार्तिनिक बेटावर १९०२ साली माँ पेले या ज्वालामुखीने सेंट पिएर शहर सुमारे अठ्ठावीस हजार माणसांसह जाळून टाकले होते, ती आठवण ताजीच होती. ऑगस्टच्या मध्यात सत्तर हजारांहून अधिक लोकांना घरे सोडायला लावली आणि त्यांना महिनोन्‌महिने परतता आले नाही. शिलारसाचा उद्रेक झालाच नाही. हारून ताझिएफ आणि क्लोद अलेग्र या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांमध्ये यावरून जो जाहीर वाद झाला, तो पुढे अनेक वर्षे धुमसत राहिला. इटलीतल्या पोझुओलीचेही तेच: १९८२ ते १९८४ दरम्यान जमीन सुमारे १.८ मीटर वर आली, हजारो हादरे बसले, गावाच्या मध्यभागातून सुमारे चाळीस हजार माणसे हलवली आणि मग सगळे थांबले. आइसलँडमधील क्राफ्ला येथे १९७५ ते १९८४ या काळात शिलारस सुमारे वीस वेळा भेगांत घुसला, हादऱ्यांचे मोहोळ दर वेळी उठले, पण उद्रेक नऊच झाले. हादरे खोटे नव्हते. शिलारस खरोखरच हलत होता, पण निम्म्याहून अधिक वेळा तो जमिनीखालीच मुरला.

उलट टोकाची उदाहरणेही आहेत. अमेरिकेतील सेंट हेलेन्स ज्वालामुखीने मार्च १९८० पासून दोन महिने हादरे दिले, उत्तरेची बाजू फुगवली, आणि १८ मेच्या सकाळी ८ वाजून ३२ मिनिटांनी ५.१ तीव्रतेच्या धक्क्यासरशी ती बाजू कोसळली. त्या सकाळच्या आलेखात त्याआधी वेगळे असे काही नव्हते. आइसलँडच्या हेक्लाचा स्वभाव तर असा, की वर्षानुवर्षे त्याच्याखाली जवळजवळ शांतता असते आणि हादरे सुरू झाले की तासा-दीड तासात उद्रेक होतो. २६ फेब्रुवारी २००० रोजी आइसलँडच्या शास्त्रज्ञांनी हे ओळखून उद्रेकाची बातमी तो होण्यापूर्वीच रेडिओवरून दिली. जपानमधील ओंताके पर्वतावर २७ सप्टेंबर २०१४ रोजी, शनिवारच्या भरदुपारी, शरद ऋतूतली पाने पाहायला गेलेल्या गिर्यारोहकांची शिखरावर गर्दी असताना, कंप सुरू होऊन सुमारे अकरा मिनिटांतच स्फोट झाला. ५८ माणसे मृत झाली आणि पाच जण कधीच सापडले नाहीत. त्या महिन्याच्या १० आणि ११ तारखेला हादरे वाढले होते, नंतर ते कमी झाले होते, आणि धोक्याची पातळी सर्वांत खालचीच ठेवलेली होती. तापलेल्या पाण्याची वाफ होऊन होणाऱ्या अशा स्फोटांत शिलारस वर येतोच असे नाही, त्यामुळे खडक फुटण्याचा मोठा पूर्वरंग मिळत नाही. या प्रकाराच्या बाबतीत भूकंपमापकांवर विसंबून राहता येत नाही, हे सरळ मान्य केलेले बरे.

गणिताने यावर तोडगा काढण्याचे प्रयत्न झाले आहेत. १९८८ मध्ये बॅरी व्होइट यांनी सुचवलेली पद्धत त्यांत सर्वाधिक प्रसिद्ध आहे. हादऱ्यांचा दर वाढत जातो तेव्हा त्या दराचा व्यस्तांक आलेखावर मांडायचा. तो घटत घटत जिथे शून्याला टेकेल तो क्षण उद्रेकाचा. कल्पना देखणी आहे आणि अनेक जुन्या उद्रेकांच्या आकड्यांवर ती छान बसते. अडचण अशी, की उद्रेक होऊन गेल्यावर कोणते आकडे घ्यायचे आणि कोणते सोडायचे हे ठाऊक असते, आधी नसते. ज्या वेळी हादरे वाढून थांबले आणि काहीच झाले नाही, त्या वेळीही ही रेषा काही काळ तितक्याच आत्मविश्वासाने शून्याकडे जात असते.

सध्या या सर्व विचारांची सर्वांत कठोर परीक्षा आइसलँडच्या रेक्यानेस द्वीपकल्पावर चालू आहे. १० नोव्हेंबर २०२३ च्या रात्री ग्रिंदाविक गावाखालून सुमारे पंधरा किलोमीटर लांबीची शिलारसाची भिंत, म्हणजे उभ्या भेगेत शिरलेला शिलारस, घुसली आणि जवळपास ३,८०० लोकसंख्येचे अख्खे गाव त्याच रात्री रिकामे करण्यात आले. त्या दिवसांत मी आइसलँडच्या हवामान खात्याचा भूकंपांचा नकाशा संगणकावर उघडून बसत असे. ठिपक्यांची रांग नैर्ऋत्येला गावाखालून समुद्राकडे लांबत गेलेली त्यावर स्पष्ट दिसत होती. तरी त्या रात्री उद्रेक झाला नाही. तो झाला १८ डिसेंबरला, आणि तेव्हा हादऱ्यांचा नवा ओघ सुरू झाल्यापासून जमीन फाटेपर्यंत जेमतेम दीड तास मिळाला. जुलै २०२५ पर्यंत त्या एकाच रांगेत नऊ उद्रेक झाले. त्यांच्या अनुभवातून तिथल्या शास्त्रज्ञांनी कामाची वाटणी करून घेतली आहे. ग्रिंदाविकजवळच्या स्वार्त्सेंगी या भागाखाली किती शिलारस साठला हे जीपीएसवरून मोजायचे, मागच्या वेळी साठा जितका झाल्यावर तो फुटला होता त्याच्याशी तुलना करायची आणि धोक्याचा काळ सुरू झाल्याचे जाहीर करायचे. हादऱ्यांवर सोपवलेले काम शेवटचे: उठा आणि निघा, एवढेच सांगण्याचे. पहिल्या तोंडफुटीनंतर भेगांचा मार्ग मोकळा झाल्यामुळे पुढचा शिलारस कमी खडक फोडून वर येऊ लागला आणि हा शेवटचा इशारा काही वेळा तासाभराहूनही कमी झाला.

हे सगळे वाचून ओळखीतले लोक हटकून पालघरबद्दल विचारतात. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागात हादऱ्यांची मालिका चालू झाली, शेजारी वज्रेश्वरी-गणेशपुरीला गरम पाण्याची कुंडे आहेत आणि सह्याद्रीचा काळा खडक लाव्हाचाच आहे हे शाळेत शिकवलेले असते. त्यामुळे शंका येणे स्वाभाविक आहे. पण दख्खनचा तो लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे, आणि त्याला पुरवठा करणारा साठा आज खाली नाही. पालघरचे हादरे जुन्या भेगांवर होतात. कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा भूकंपही धरणाच्या जलाशयाशी जोडला जातो, ज्वालामुखीशी नाही. भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी अंदमान समुद्रातील बॅरन बेटावर आहे. दीडशेहून अधिक वर्षांच्या शांततेनंतर तो १९९१ मध्ये जागा झाला, आणि तिथे मनुष्यवस्ती नाही. पालघरच्या हादऱ्यांतून उद्रेकाचा अंदाज काढण्यासारखे काही नाही. तिथल्या लोकांना भीती आहे ती चार रिश्टरच्या आसपासच्या धक्क्यानेही तडकणाऱ्या भिंतींची आणि थंडीच्या रात्री घराबाहेर तंबूत झोपावे लागण्याची. तिचा बंदोबस्त बांधकामाने होईल, त्यासाठी शिलारस शोधण्याची गरज नाही.